छातीतला कफ वाहता ठेवायचा तर हवेतलं पाणी मोजा: कोल्हापूरच्या तिन्ही ऋतूंसाठी

नाकापासून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत आतल्या अस्तरावर कफाचा एक पातळ थर सतत घशाकडे सरकत असतो. धूळ, धूर, जंतू, पिठाचे कण त्याला चिकटतात आणि त्याच्याबरोबर घशात येतात. तिथून ते आपण नकळत गिळतो. कफ सरकवतात त्या सिलिया. ही लव इतकी सूक्ष्म असते की साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तिची लांबी जेमतेम सहा-सात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग गुणिले सहा-सात. निरोगी माणसात ती सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलते. नाकातला कफ त्यामुळे मिनिटाला सरासरी ५-६ मिलिमीटर पुढे जातो.

हे काम चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात, ऊब आणि ओल. सिलिया ज्या पातळ पाण्यात हलते त्या पाण्याची खोली तिच्या लांबीएवढीच असते. निरोगी कफातही ९७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आत ओढलेली हवा कोरडी असली की ती हे पाणी उचलते. मग खालचा थर आटतो, वरचा घट्ट झालेला कफ सिलियावर बसतो आणि तिला हलायला जागाच उरत नाही. थंडीने वेगळं नुकसान होतं. अस्तराचं तापमान ३२ अंशांच्या खाली उतरू लागलं की सिलियाची गती मंदावत जाते. म्हणजे कोरडी आणि थंड हवा एकदम आली तर कफ दोन्ही बाजूंनी अडतो.

फुप्फुसाच्या आत पोचताना हवा ३७ अंशांची आणि पूर्ण ओली असावी लागते. ३७ अंशांच्या पूर्ण ओल्या हवेत दर घनमीटरला ४४ ग्रॅम पाणी असतं. बाहेरची हवा यात जेवढी कमी पडते तेवढं पाणी नाक, घसा आणि श्वासनळी आपल्या अंगचं घालतात. म्हणून ४४ हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

टक्केवारी फसवते

मोबाइलवर दिसणारी आर्द्रतेची टक्केवारी एकटी घेतली तर काहीच सांगत नाही. गरम हवेत पाणी जास्त मावतं, थंड हवेत कमी, आणि टक्का असतो तो मावण्याच्या प्रमाणात. पूर्ण ओल्या हवेत दर घनमीटरला पाणी असं असतं: १५ अंशांना १३ ग्रॅम, २० ला १७, २५ ला २३, ३० ला ३०, ३५ ला ४० आणि ४० ला ५१. या आकड्याला टक्क्याने गुणा, की हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे ते कळतं.

कोल्हापूरच्या चार वेळा घेऊन बघा. एप्रिलची दुपार, ३७ अंश आणि २५ टक्के: ४४ चा पाव, म्हणजे ११ ग्रॅम. डिसेंबरची पहाट, १५ अंश आणि ८५ टक्के, गवतावर दव: तेही ११. एसी लावलेली खोली, २४ अंश आणि ५० टक्के: पुन्हा ११. जुलैची संततधार, २५ अंश आणि ९० टक्के: २१. दव पडलेल्या पहाटेची हवा ओलसर वाटते खरी, पण फुप्फुसाच्या दृष्टीने ती एप्रिलच्या उन्हाइतकीच कोरडी असते. पहाटे फिरायला जाणाऱ्याला ढास लागते त्याचं मोठं कारण हेच आहे. बहुतेक जण मात्र दोष दवाला देतात.

बसल्या जागी माणूस दिवसाला साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. ११ ग्रॅमच्या हवेला ४४ वर न्यायला दर घनमीटरला ३३ ग्रॅम लागतात, म्हणजे दिवसाला ३३० ग्रॅम पाणी. जुलैत हेच २३० वर येतं. उच्छ्वास बाहेर पडताना नाकाचा थंड पुढचा भाग त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा पाणी परत धरून ठेवतो. थंडीत हा भाग जास्त थंड असल्यामुळे परतावा चांगला मिळतो. एप्रिल-मेच्या उन्हात नाकच तापलेलं असतं, त्यामुळे परतावा घटतो. उन्हाळ्यात नाकात खपल्या धरतात आणि घोळणा फुटतो, त्याचं हे एक कारण.

मोजायचं कसं

तापमान आणि आर्द्रता एकत्र दाखवणारा साधा डिजिटल मीटर ऑनलाइन किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. पण आणल्या आणल्या त्याच्यावर विश्वास ठेवू नका, स्वस्त मीटर सहज पाच-दहा टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि ओल्या वाळूइतकंच भिजेल एवढे पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळून नुसतं पाणी झालं तर चाचणी फसते. झाकण आणि मीटर एकाच हवाबंद डब्यात ठेवा, मिठाचा मीटरला स्पर्श होऊ देऊ नका, डबा उन्हात किंवा एसीच्या झोतात नको. १२ तासांनी डबा न उघडता आकडा वाचा. तो ७५ यायला हवा. ७० आला तर मीटर ५ कमी दाखवतो, तेवढे दरवेळी मिळवा.

मीटर झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा लांब ठेवा. खिडकीत किंवा फ्रिजवर ठेवलात तर खोलीऐवजी खिडकीचं आणि फ्रिजचं मोजमाप होईल. घरात ४० ते ६० टक्के ठीक. ६० च्या वर बराच काळ राहिलं तर बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात, आणि दम्याच्या माणसाला ते कोरडेपणापेक्षा जास्त त्रास देतात.

नाक कामाला लावा

तोंडाने घेतलेला श्वास नाकातली गरम होण्याची आणि ओलं होण्याची जागा चुकवून थेट घशात येतो. मग ते काम श्वासनळीवर पडतं आणि तिथला कफ आटतो. रात्री तोंड कोरडं पडत असेल, सकाळी घसा खवखवत असेल आणि दिवसभर काहीच होत नसेल, तर खोलीच्या आधी नाक तपासा. लहान मूल कायम तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचा प्रकार हल्ली दिसतो, तो करू नका. नाक चोंदलेलं असताना त्यात धोका आहे.

चोंदलेल्या किंवा खपल्या धरलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याने धुणं हा घरातला सर्वात चांगला उपाय आहे. प्रमाण मात्र चुकवू नका. १ लिटर पाणी खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा आणि झाकून कोमट होऊ द्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी न उकळता नाकात कधीच घालू नका, त्यात नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमिबा असू शकतो. तो विरळ आढळतो, पण त्याने होणारा आजार बहुधा जीव घेतो. या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घाला, आयोडीन न घातलेलं किंवा सैंधव. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजणं उत्तम. काटा नसेल तर बारीक मिठाचे सपाट दीड लहान चमचे, म्हणजे ५ मिलीच्या चमच्याने. झोंबत असेल तर अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला. साधं पाणी किंवा कमी मिठाचं पाणी अस्तराला सुजवतं आणि झोंबतं, आणि मग लोक उपायच सोडून देतात.

बेसिनवर पुढे वाका, डोकं एका बाजूला कलतं करा, तोंड उघडं ठेवून श्वास तोंडाने घ्या. वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्याने किंवा सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने १०० ते १२० मिली हळू सोडा. दुसऱ्या नाकपुडीतून पाणी बाहेर पडेल. मग बाजू बदला. झाल्यावर खाली वाकून पाणी निथळू द्या आणि एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा. दोन्ही दाबून जोर लावला तर पाणी कानात चढतं. नाक पूर्ण बंद असेल, कानाच्या पडद्याला भोक असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर हे करू नका. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, आणि भांडं दरवेळी धुऊन वाळवायचं.

तान्ह्या बाळाला धुणं नको. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब दूध पाजण्याआधी एकेक-दोनदोन टाकले की पुरे. बाळाच्या नाकात तेल घालण्याची पद्धत आपल्याकडे अजून चालते, ती बंद व्हायला हवी. तेल श्वासनळीतून फुप्फुसात उतरतं, सिलियाला ते बाहेर काढता येत नाही आणि त्याने न्यूमोनिया होतो.

एप्रिल-मे आणि एसी

उन्हाळ्यात खोलीत पाण्याची वाटी ठेवायला सांगितलं जातं. तिचा हिशेब करू. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. तिच्यात दर घनमीटरला ५ ग्रॅम वाढवायचे तर १७० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला हवी. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी फटींतून तासाभरात बरीचशी हवा बदलते, म्हणजे दर तासाला तेवढंच पाणी पुन्हा लागतं. वाटीतून तासाला काही ग्रॅमच उडतात. खिडकी सताड उघडी असेल तर कोणताही उपाय पुरणार नाही. अर्धवट पिळलेला, ठिबकत नसलेला मोठा टॉवेल किंवा चादर पंख्याच्या झोतात दोरीवर टाकली तर मात्र फरक दिसतो, आणि तो मीटरवरही दिसतो. पंख्याचा झोत कपड्यावर असू द्या, झोपलेल्याच्या तोंडावर नको.

पाण्याचा कूलर या दोन महिन्यांत खरोखर उपयोगाचा आहे. तो हवा गार करतो आणि ओलीही करतो. त्यासाठी समोरची खिडकी थोडी उघडी लागते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी करा. नुसतं पाणी बदललं तर डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात, आणि गवताच्या जाळीत वाढलेली बुरशी थेट छातीत जाते.

एसी याच्या उलट वागतो. त्याच्या थंड जाळीवर हवेतलं पाणी जमतं आणि नळीने बाहेर ठिबकतं. तापमान जितकं खाली लावाल तितकी हवा कोरडी होते. २६-२७ अंशांवर ठेवा, पंखा मंद लावा, झोत अंथरुणावरून बाजूला वळवा. हवेत तुषार सोडणारं मशीन वापरत असाल तर त्यात बोअरचं जड पाणी घालू नका. त्यातले क्षार पांढऱ्या धुळीसारखे हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. फिल्टरचं, शक्यतो डिस्टिल्ड पाणी घाला, आणि टाकी रोज रिकामी करा.

डिसेंबरची पहाट, रंकाळा आणि तालीम

थंडीत खरी अडचण येते ती व्यायामाची. बसलेला माणूस मिनिटाला ६-८ लिटर हवा घेतो, जोरात पळणारा ६० लिटर आणि त्याहून जास्त. मिनिटाला ३५-४० लिटरच्या पुढे नाक पुरं पडत नाही आणि तोंड आपोआप उघडतं. रंकाळ्याभोवती १५ अंशांत अर्धा तास पळणाऱ्याला हवा ओली करायला सुमारे ६० ग्रॅम पाणी घालावं लागतं, तेही बहुतेक श्वासनळीतून. अस्तर आटलं की त्यातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं, आणि नाजूक श्वासनळी आवळते. व्यायाम थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज येतो तो यामुळे.

सुरुवातीची १०-१५ मिनिटं अशा वेगाने चाला की नाकानेच श्वास पुरेल. मग वेग वाढवा. नाका-तोंडावरून सुती रुमाल किंवा मफलर दोन पदरी, सैल गुंडाळा. उच्छ्वासातली ओल आणि ऊब त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाबरोबर आत येते. ओला गच्च झाला की बदला. मुलांना सकाळी सहाऐवजी आठला मैदानावर न्या, तेवढ्यात हवा बरीच तापते. पहाटे दुचाकीवरून दूध घालायला डेअरीवर जाणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली ठेवावी, वाऱ्याच्या झोताने चेहरा आणि नाक दोन्ही झपाट्याने थंड पडतात. ज्यांना दम्याचा पंप लिहून दिलेला आहे त्यांनी व्यायामाआधी तो कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

तालमीत आणखी एक गोष्ट सांभाळायची असते. हौद्यातली लाल माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मुरवलेली असते आणि तिच्यात पाणी मुरलेलं असलं की ती उडत नाही. कोरड्या दिवसांत माती खणण्याच्या आदल्या संध्याकाळी शिंपडा. धूळ उडताना दिसली तर जोर-बैठकांची जागा हौद्यापासून लांब घ्या.

धूर

ओल आणि ऊब पुरेशी असली तरी धूर सिलियाला लुळं पाडतो. हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यात तो चहूकडून येतो, गुऱ्हाळं, शेतात पेटवलेलं पाचट, चुली, शेकोट्या. पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. नदीकाठच्या मळ्यांत तो थर डोळ्यांना दिसतो. त्या वेळी पळू नका.

गुऱ्हाळात काहिलीची वाफ घेतल्याने कफ सुटतो असं समजणारे पुष्कळ आहेत. वाफेची ओल खरी, पण तिच्याबरोबर चुलवाणाचा धूरही आत जातो आणि फायद्यावर पाणी पडतं. चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्या जळव्याने वारा येतो त्या बाजूला उभं राहावं, चिपाडं पूर्ण वाळलेली असावीत (ओलसर चिपाडं फार धुरतात) आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क असावा. ओलं फडकं बारीक धूर अडवत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूवर काम करणाऱ्यांना आणि इचलकरंजीच्या मागावर सुताच्या धुळीत उभं राहणाऱ्यांनाही हाच मास्क लागतो. मिरची कांडपाच्या दिवसांत डंकावर थांबायचंच असेल तर तिथेही.

बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि बाळाला दिलेली ओवा-शेपाची धुरी थांबवा. बंद खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो. बाळाला ऊब द्यायची तर टोपरं, दुपटं आणि आईची कूस पुरेशी आहे.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये हवेतल्या पाण्याने कफ वाढत नाही. कफ सरकायला ही हवा तर अनुकूल असते. त्रास होतो तो बंद खिडक्यांआड एकमेकांना लागणाऱ्या सर्दीचा आणि भिंतीवरच्या बुरशीचा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. स्वयंपाक आणि अंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट चालू ठेवा. बुरशी दिसली तर मास्क लावून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा आणि पंख्याने वाळवा. कोरडी झटकली तर तीच हवेत उडते. अंथरुणाच्या चादरी आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

पिणं, वाफ, औषधं आणि खाकरणं

पाणी कमी पडलं तर कफ घट्ट होतो. पण पुरेसं पिणाऱ्याने आणखी तांब्याभर ढोसून कफ पातळ होत नाही. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. गरम पेयाचा परिणाम मात्र मोजलेला आहे. १९७८ मधल्या एका प्रयोगात गरम पाण्याने नाकातल्या कफाचा वेग मिनिटाला ६.२ वरून ८.४ मिलिमीटर झाला, कोंबडीच्या गरम सूपने ६.९ वरून ९.२. थंड पाण्याने तो ७.३ वरून ४.५ वर आला. गरम पेयांचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. सर्दीत वाटीभर गरम पांढरा रस्सा आवडत असेल तर जरूर घ्या, दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा.

वाफेने बरं वाटतं, आजार लवकर बरा होत नाही. घ्यायची तर पातेलं गॅसवरून उतरवून टेबलावर पक्कं ठेवा, दोन-तीन मिनिटं थांबा, तोंड एक फूट लांब ठेवा आणि पाच-सात मिनिटांत आटपा. चटका बसेल इतकी गरम वाफ अस्तरच भाजते. लहान मुलांना पातेल्यावर वाकवू नका, उकळतं पाणी अंगावर सांडून भाजण्याचे प्रकार होतात. कापूर मुलांच्या आसपासही नको.

नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या वर घालू नका, नाक उलट जास्त चोंदतं. कफ येत असताना खोकला दाबणारं औषध घेतलं तर कफ आत साचतो. झोप आणणाऱ्या जुन्या सर्दीच्या गोळ्या कफ सुकवतात.

छातीत अडकलेला बेडका सोडवायला जोरजोराने खोकू नका, त्याने नळ्या मिटतात. ताठ बसा, पोटाने चार-पाच संथ श्वास घ्या. मग एक मध्यम श्वास घेऊन दोन-तीन सेकंद धरा आणि आरशावर वाफ धरताना काढतो तसा, तोंड उघडं ठेवून, ‘हाऽ’ असा लांब उच्छ्वास सोडा. असं दोनदा करा, पुन्हा संथ श्वास. कफ घशाशी आला की एकदाच खोका. चक्कर आली तर थांबा.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर बाटलीतलं पाणी डिस्टिल्ड घ्या आणि रोज बदला, वरून नुसतं भरू नका. गळ्याला छिद्र करून नळी बसवलेल्या रुग्णाचं नाक पूर्णपणे वगळलं जातं, त्यामुळे नळीवर ओल धरणारं फिल्टर दिवसरात्र हवं. ते चोवीस तासांनी, किंवा कफाने माखलं तर लगेच बदला. कफ तपकिरी, खपलीसारखा येऊ लागला तर ओल कमी पडते आहे, नळी बंद होण्याआधी रुग्णालयाशी बोला.

खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते. थुंकीत रक्त दिसलं, बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, किंवा बाळाच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडू लागला, तर यातलं काहीही करत बसू नका. १०८ ला फोन करा.